क्रूक्स ट्यूब की जुना ऑसिलोस्कोप?

सांगलीच्या भाचीला विज्ञान प्रदर्शनात कॅथोड किरण (निर्वात नळीत ऋण टोकाकडून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत) दाखवायचेत, यातलं काय घेऊ म्हणून अडलीय. क्रूक्स ट्यूब म्हणजे हवा जवळपास काढून टाकलेली काचेची नळी, तिच्यात हिरव्या चमकत्या काचेवर आतल्या धातूच्या क्रॉसची काळी सावली पडते, किरण सरळ जातात हे डोळ्यांनी दिसतं, लय भारी! पण इंडक्शन कॉइलचे (व्होल्टेज वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) हजारो व्होल्ट लागतात, थोडे एक्स-रेही निघू शकतात आणि काच तडकली की संपलंच.

जुना, जाड पिक्चर ट्यूबवाला ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) दणकट, सेकंडहँड स्वस्तात मिळतो. चुंबक जवळ नेला की पडद्यावरचा ठिपका सरकतो, ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसननं १८९७ मध्ये असाच झोत वळवून त्यातल्या कणांचं प्रभार-वस्तुमान गुणोत्तर काढलं, ते कण म्हणजेच इलेक्ट्रॉन. फक्त झाकण उघडायचं नाही, बंद केल्यावरही आत शॉक बसतो.

सर शेजारी उभे राहणार असतील तर ट्यूब, पोरांच्या हातात चुंबक द्यायचा असेल तर ऑसिलोस्कोपच.