फेडरलमध्ये थांबायचं की रिफायनान्स करायचं?

अमेरिकेत वाढलेली किंवा ग्रीन कार्ड मिळाल्यावर इथे शिकलेली मराठी मुलं अलीकडे हा प्रश्न फार विचारतात. डोक्यावर फेडरल लोन, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शिक्षणकर्ज आहे. सरकार त्यातलं काही माफ करेल म्हणून थांबायचं, की खासगी कंपनीकडे रिफायनान्स करून, कमी व्याजात फेडून मोकळं व्हायचं? एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना फेडरल लोन मिळतच नाही, त्यांचं गणित वेगळं, त्यामुळे ते इथे घेत नाही. मी सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलं, न्यू जर्सीतल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरी करतो आणि फेडरलमध्येच राहिलो.

माफीचा विषय निघाला की दोन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे ऑगस्ट २०२२ ची बायडन यांची घोषणा. वार्षिक उत्पन्न १,२५,००० डॉलरच्या आत असेल तर १०,००० डॉलर माफ, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान) घेतलेल्यांना २०,००० पर्यंत. १ कोटी ६० लाख अर्ज मंजूरही झाले होते. मग ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना रद्द केली. ज्या २००३ च्या हीरोज कायद्याच्या आधारे (आणीबाणीत शिक्षणकर्जाचे नियम सैल करू देणारा कायदा) ती आणली, त्यात एवढा अधिकार बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्या योजनेतून कुणाच्याही खात्यावर एक डॉलर कमी झाला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेच्या बदल्यात कर्जमाफी. हा २००७ साली अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, केलेला कायदा आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, आणि त्यावर फेडरल कर नाही. निर्णय घेताना घोषणेतल्या माफीला शून्य किंमत द्या, कायद्यातल्या माफीला पूर्ण.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात हा वाद हमखास रंगतो. ‘आम्ही पोटाला चिमटा घेऊन फेडलं, मग यांनाच का माफ?’ असं ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि मला तो प्रश्न रास्त वाटतो. महाराष्ट्रात २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीच्या वेळी हेच विचारलं गेलं होतं, तेव्हा नियमित फेडणाऱ्यांना निदान २५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन तरी ठेवलं होतं. बायडन यांच्या योजनेत आधीच फेडून मोकळे झालेल्यांसाठी तसं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूचंही खरं आहे. कोविडमध्ये उद्योगांना दिलेली पीपीपी कर्जं मोठ्या प्रमाणात माफ झाली, आणि वर्षानुवर्षं हप्ते भरूनही मुद्दल हललेलं नाही अशी माणसं माझ्या वॉर्डात माझ्या बरोबरीने काम करतात. मला मनापासून वाटतं ते असं, की सेवेच्या बदल्यात मिळणारी माफी या वादात सर्वांत न्याय्य आहे. दहा वर्षं कमी पगारात शाळेत, काउंटीच्या कचेरीत, रुग्णालयात काम केलेल्या माणसाला फुकट मिळालं असं कुणी म्हणू नये.

आता रिफायनान्स. त्याचं आकर्षण मला कळतं. २०२४-२५ मध्ये मास्टर्सच्या फेडरल कर्जाचा दर ८.०८ टक्के होता, ग्रॅड प्लस या त्यावरच्या जादा फेडरल कर्जाचा ९.०८. चांगला पगार आणि चांगला क्रेडिट स्कोअर असेल तर खासगी कंपनी त्याहून बरंच कमी देऊ शकते. शिवाय कर्ज कधी संपणार ती तारीख पहिल्या दिवशी कळते, हे सुख लहान नाही.

मीही चौकशी केली होती. आकडे भरले, दर आला, आणि त्याखालीच एक ओळ: को-सायनर (जामीनदार) जोडल्यास याहून कमी दर मिळू शकेल. माझ्या पगारावर मिळणारा दर फेडरलपेक्षा जेमतेम कमी होता. खरा फायदा जामीनदार आणला तरच.

जामीनदार म्हणजे दादा. त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त ‘सही कुठे करायची?’ एवढंच विचारलं. वहिनीने मात्र योग्य प्रश्न काढला. त्यांचं घर घ्यायचं चाललं होतं. माझं कर्ज त्यांच्या नावावर दिसेल का? दिसणार होतं. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर पूर्ण रक्कम, आणि गृहकर्ज देणारा माझा हप्ता त्यांच्या हप्त्यांत धरणार होता. पुढे जामीन सोडवायचा तर ठरावीक काळ वेळेवर हप्ते आणि नव्याने क्रेडिट तपासणी, तेही कंपनीला पटलं तर. माझी नोकरी गेली, तर वसुलीचा फोन दादाला.

मी तिथेच थांबलो. आपल्याकडे भाऊ नाही म्हणत नाही, म्हणूनच त्याच्याकडे मागताना दहादा विचार करावा. माझ्या फेडरल कर्जाला जामीनदार लागलाच नव्हता. माझं काही बरंवाईट झालं तर ते माझ्याबरोबर संपतं, कायमचं अपंगत्व आलं तरी माफ होतं. खासगीत हे प्रत्येक कंपनीच्या करारावर असतं. व्याजाच्या दोन-तीन टक्क्यांत या गोष्टीची किंमत मला तरी बसवता आली नाही. कुणाला बसवता येत असेल, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

फेडरलचा त्रास लपवत नाही. दरवर्षी उत्पन्न कळवा, एचआरची सही घ्या, सर्व्हिसर, म्हणजे सरकारच्या वतीने हप्ते घेणारी कंपनी, बदलला की मोजलेले हप्ते पुन्हा तपासा. माझेही हप्ते एकदा कमी दिसत होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत बराच पाठपुरावा करावा लागला. सुरुवातीच्या काळात पीएसएलएफचे जवळपास ९९ टक्के अर्ज फेटाळले जात. पुढे नियम सुधारले आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांचं कर्ज माफ झालं. उत्पन्नानुसार हप्ता ठरवणारी ‘सेव्ह’ योजना न्यायालयात अडकल्यावर माझ्या एका सहकारी बाईंचे महिने मोजणीतून गळले. त्या आता आयबीआर या तशाच जुन्या योजनेत आल्या आहेत. तिथे गरजेपुरती रक्कम वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १० किंवा १५ टक्के हप्ता बसतो. शिल्लक मात्र वाढताना दिसते, ते पाहवत नाही. २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून आरएपी ही उत्पन्नानुसार हप्त्यांची नवी योजना आणली. तिच्यात एरवीची, म्हणजे सार्वजनिक सेवेत नसलेल्यांची, माफी ३० वर्षांवर गेली, पण पीएसएलएफचे १२० हप्ते कायम आहेत.

सरकारी, शाळेच्या किंवा ना-नफा नोकरीत असाल आणि तिथेच राहायचा विचार असेल, तर माझं मत फेडरलकडे झुकतं. आयटीत किंवा खासगी कंपनीत असाल, कर्ज वर्षाच्या पगाराहून कमी असेल आणि एकट्याच्या नावावर चांगला दर मिळत असेल, तर रिफायनान्स बहुधा स्वस्त पडेल. पण एकदा खासगीत गेलेलं कर्ज परत फेडरल होत नाही. म्हणून नोकरीचं नक्की नसेल तर आधी फक्त सर्वांत महाग कर्ज, म्हणजे बहुधा ग्रॅड प्लस, तेवढंच हलवा. बाकीचं आहे तिथे राहू द्या.