‘गेट’च्या कसोटीवर तीन शब्दकोश : लाँगमन, ऑक्सफर्ड की कोबिल्ड?

इंग्रजी शिकणाऱ्याने शब्दकोश निवडताना त्यात अवघड शब्द शोधून पाहण्यात फारसे हशील नाही. कोशाचा कस लागतो तो ‘गेट’सारख्या रोजच्या क्रियापदावर. मिळणे, आणणे, पोहोचणे, होणे, समजणे आणि दुसऱ्याकडून करवून घेणे, असे कितीतरी अर्थ हे एकच क्रियापद पेलते आणि मराठी माणूस बहुधा शेवटच्या अर्थापाशी अडतो. सलूनमधून आल्यावर आपण ‘मी केस कापले’ असे सहज म्हणतो, पण त्याच चालीवर ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर कात्री आपणच चालवली असे ऐकणाऱ्याला वाटते. तेथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवे. काम करणाऱ्याचा उल्लेख आला की रचना पुन्हा बदलते : ‘आय गॉट हिम टु साइन’मध्ये ‘टु’ लागतो, ‘आय मेड हिम साइन’मध्ये मात्र तो चालत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या तीन इंग्रजी-इंग्रजी कोशांपैकी ही रचना सर्वांत चटकन सापडते ती ऑक्सफर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोशात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला हा कोश 1942 मध्ये टोकियोत आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डकडून निघाला. क्रियापदापुढे काय यावे हे दाखवणे हा त्याचा पहिल्यापासूनचा हेतू आहे. ज्याला पत्रे, अर्ज, अहवाल लिहायचे आहेत, त्याने हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

1978 मध्ये निघालेल्या लाँगमनमध्ये व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बसवलेल्या आहेत आणि लांबलचक नोंदीत अर्थागणिक छोटी शीर्षके आहेत, त्यामुळे मुख्यतः वाचनासाठी कोश हवा असेल तर तो सोयीचा.

कोबिल्ड 1987 चा, बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावरून तयार झालेला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, म्हणून अर्थाबरोबर वापरही कळतो. शिक्षकांना त्याचा विशेष उपयोग होईल, पण घाईत अर्थ पाहणाऱ्याला ती वाक्ये लांब वाटतील.

इंग्रजी-मराठी कोश जवळ अवश्य असावा, परंतु त्यात ‘करवून घेणे’ हा अर्थ मिळाला तरी ‘टु’ कोठे लागतो हे कळेलच असे नाही. तिन्ही कोश संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. विकत घेण्याआधी तिन्हींमधली ‘गेट’ची नोंद उघडून वरच्या ‘गॉट’च्या दोन वाक्यांसारख्या रचना कोठे आधी सापडतात ते पाहावे.