ऑर्थोपेडिक गादी, सात महिने वापरल्यावर: आधी काठ बघा

आमच्या कुत्र्याच्या, टिप्याच्या, गादीचा फोम बसला म्हणून कंपनीकडे तक्रार केली होती. काल कस्टमर केअरचं उत्तर आलं: "शिवण उसवलेली असल्यामुळे फोमची वॉरंटी लागू होत नाही." म्हणून लिहायला बसले.

टिप्या 13 वर्षांचा, वजन तेव्हा 28 किलो, मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात. गादी मेमरी फोमची, चारही बाजूंनी गुबगुबीत काठ असलेली. जाहिरातीत कुत्रा त्या काठावर मान टाकून झोपलेला असतो ना, तीच.

पहिले तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत होते की तो गादीला शिवतसुद्धा नाही. ते चूक होतं. तो रोज जायचा. पुढचे दोन पाय आत टाकून तसाच उभा राहायचा. मग मागचा पाय उचलायचा, नख काठाच्या कापडाला घासायचं, पाय परत खाली. दोन-तीनदा असं झालं की मागे सरकून शेजारच्या फरशीवर धपकन बसायचा. नव्या फोमचा वास आवडत नसेल, असं मी धरून चालले. शेवटी व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "अहो ताई, याला गादी हवीच आहे. मागचा पाय काठावरून जाईना त्याचा."

काठ फार तर सहा बोटं उंच. पण आखडलेल्या खुब्याला तेवढंही जड जातं. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी म्हणून गादी विकायची आणि आत शिरायलाच अडसर ठेवायचा, याचा राग माझा अजून गेलेला नाही. त्याच रात्री ब्लेडने पुढच्या काठाची शिवण उसवली, आतलं भरण काढलं. सकाळी टिप्या गादीवर होता.

तेव्हा खुशीत मी पाच तारे दिले होते. ते आता तीन करते आहे.

झोपून उठल्यावर तो बराच वेळ लंगडायचा, आता चार पावलांत मोकळा होतो. याचं सगळं श्रेय गादीला देणार नाही. त्याच सुमारास रक्त तपासून मेलोक्सिकॅम (सांध्यांची सूज-दुखी कमी करणारं औषध) सुरू झालं, तीन किलो वजन उतरलं, आणि गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत मी योगा मॅटचे पट्टे टाकले. नखं आणि पंजांमधले केस कापल्यावर घसरणंही थांबलं. (दुखतंय म्हणून आपल्यासाठी आणलेली आयबुप्रोफेन अर्धीसुद्धा देऊ नका. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.)

कव्हर उत्तम. रात्री कधी लघवी झाली तरी आतल्या अस्तरामुळे फोम कोरडा राहतो, आणि इतक्या धुण्यांनंतर चेनही शाबूत आहे.

फोम मात्र पाचव्या महिन्यात बसला. मध्यभागी मूठ दाबली की खालची फरशी लागते. त्याच्या कोपरांवरचे केस जाऊन घट्टे पडायला लागले, तेव्हा लक्षात आलं. मी उसवलेला काठ पुढचा, खड्डा मध्ये. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? फोटो पाठवले, तरी उत्तर तेच.

नवी गादी इतक्यात घेणार नाही. फोम उलटा केलाय आणि खाली जुन्या कडक गादीचा तुकडा मापाने कापून घातलाय. घट्टे वाढायचे थांबलेत. कंपनीला तिसरी मेल आज पाठवली आहे, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.