बोअरची पातळी मोजायला माणूस की यंत्र?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तालुक्याचा कल कळायला ते पुरतं. पण पुण्याच्या कडेला, जिथे मार्चनंतर बोअर आणि टँकरवरच दिवस ढकलायचे, तिथे चार आकड्यांवर उपसा ठरवता येत नाही.

साउंडर स्वस्त: टेपच्या टोकाचा संवेदक पाण्याला टेकला की वाजतो. काळ्या पाषाणात त्याची एक खोड आहे. वरच्या भेगेतून पाणी ठिबकत असेल तर तो पातळी यायच्या आधीच बोंबलतो. टोक झटकून तीनदा मोजा. पंप असलेल्या बोअरमध्ये आधी २५ मिमीचा पीव्हीसी पाइप सोडा, नाहीतर टेप केबलला गुंडाळते आणि तिथेच राहते. मोजणी पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी. दहा मिनिटांनी पुन्हा मोजल्यावर पाणी चढलेलं दिसलं, तर ती स्थिर पातळी नव्हे. तसं लिहून ठेवा.

लॉगर (पाण्यात टांगलेला, दाबावरून पातळी आपोआप नोंदवणारा संवेदक) दर ६ तासांनी नोंद घेतो, म्हणजे वर्षाला १,४६० वाचनं. उपशाचा ठसा हवा असेल तर दर तासाला लावा. खरेदीत चूक होते ती पल्ल्यात, म्हणजे संवेदक किती मीटर पाण्यापर्यंत मोजू शकतो त्यात. अचूकता पूर्ण पल्ल्याच्या ०.१ टक्का असेल तर १०० मीटरच्या संवेदकात १० सेंमीची चूक चालते, २० मीटरच्यात फक्त २ सेंमीची. पण पल्ला लहान घेतला आणि यंत्र उथळ टांगलं, तर मे महिन्यात पाणी त्याच्या खाली जातं. आलेखावर सरळ रेघ येते आणि कार्यालयात ‘पातळी स्थिर’ असा अहवाल जातो!

हवेच्या दाबाचंही बघावं लागतं. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंमी पाणी. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हवेशी जोडलेली नळी नसलेल्या संवेदकात ही लाट पाण्याची वाटते. त्यासाठी परिसरात एक वेगळा दाबमापक ठेवा. नळीवाला घेतलात तर नळीतला ओलावा शोषणारं सिलिका जेल पावसाळ्याआधी बदला.

टेलिमेट्री (नोंदी सिग्नलने दूर पाठवण्याची सोय) फक्त रोजच्या रोज पंप बंद-चालू करायचे असतील तरच. लोखंडी झाकणाखाली सिग्नल जातो, हेही ध्यानात असू द्या.

दोन्ही पद्धती बुडतात मात्र एकाच ठिकाणी: मोजबिंदू, म्हणजे जिथून खोली मोजायची ती जागा. रस्ता करताना कुणी केसिंग (बोअरच्या तोंडाचा पाइप) ४० सेंमी कापलं की पाणी ‘४० सेंमी वर आलं’. केसिंगच्या काठावर रंगाची खूण करा, तिची जमिनीपासूनची उंची प्रत्येक नोंदीत लिहा आणि पंपाची स्थितीही.

१२ बोअर असतील तर उपसा नसलेल्या ३ बोअरमध्ये लॉगर टांगा, बाकी ९ साउंडरने पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरवड्याला मोजा. लॉगरची वाचनंही दर ३ महिन्यांनी साउंडरशी ताडा. ५ सेंमीहून जास्त फरक आला, तर आधी केबल सरकली का ते पाहा.