लोखंडी रंधा, एसएसडी आणि एक रविवार

गेल्या महिन्यात मी तीन वस्तू विकत घेतल्या. तालुक्याच्या गावातील दुकानातून चार क्रमांकाचा लोखंडी रंधा १,६५० रुपयांना आणि बारीक पेचकसांचा संच ३५० रुपयांना मिळाला, तर संगणकात हार्ड डिस्कऐवजी माहिती साठवण्यासाठी साटा केबलने जोडायची २५६ जीबीची एसएसडी १,९०० रुपयांना ऑनलाइन मागवली. मी व्यवसायाने शिक्षक आहे. सुतारकाम आणि संगणकदुरुस्ती हे दोन्ही माझे सुटीच्या दिवसाचे नाद असून दोहोंत मी शिकाऊच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी एका रविवारी या तिन्ही वस्तू प्रथम वापरल्या. पुढील मत त्या दिवसावर आणि नंतरच्या तीन आठवड्यांच्या अनुभवावर आधारलेले आहे.

रंध्याची रचना नवी नाही. लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराने ती बसवली आणि १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याची पेटंटे घेतल्यानंतर ती जगभर पसरली. ४५ अंशांच्या उतारावर बसणारे दोन इंची पाते, त्याच्या पाठीवर निघणारी साल मोडणारे टोपणपाते, पाते खाली-वर करणारे पितळी चाक आणि ते डावी-उजवीकडे कलवणारी दांडी, असा हा सारा संसार असतो. आमच्या भागातील वाढई, म्हणजे सुतार, अजूनही लाकडी रंधाच पसंत करतात. त्यात पाते पाचरीने अडकवून हातोडीच्या अंदाजी ठोक्यांनी बसवावे लागते आणि तो अंदाज यायला वर्षे जातात. माझ्यासारख्याला चाक फिरवून पाते केसभर पुढे घेता येते, ही या लोखंडी रंध्याची खरी सोय आहे.

मात्र खोक्यातून काढलेला रंधा वापरण्याजोगा नव्हता. तळावर पोलादी पट्टी आडवी धरली, तेव्हा पात्याच्या फटीजवळ खालून उजेड दिसला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आणून मोजले, तर तेथे ०.२ मिलिमीटरचा खोलगटपणा निघाला. ज्या अवजाराने कागदाइतकी पातळ साल काढायची, त्याच्या तळात एवढा फरक म्हणजे थोडा नव्हे. गल्लीतील वयोवृद्ध वाढईकाकांना दाखवले असता त्यांनी तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “गुरुजी, याले पहिले घासा लागते, मंग तो घासते.” हे वाक्य त्या खोक्यावर छापायला हवे होते.

मग जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, पाते आत ओढून घेऊन पण ते दाबून धरणारा चाप घट्ट ठेवूनच, मी तळ घासत बसलो. चाप सैल केला तर तळाचा ताण बदलतो आणि घासणे वाया जाते, ही गोष्ट माहितीपत्रकात कोठेही नाही; किंबहुना खोक्यात माहितीपत्रकच नव्हते. त्यानंतर पात्याची पाठ सपाट केली, कुरुंदाच्या दगडावर २५ अंशांचा उतार सारखा केला आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक धार दिली. सकाळी सातला सुरू केलेले हे काम अकराला संपले. चार तासांची ही मजुरी किमतीत मिळवूनच या रंध्याचा विचार करावा.

त्यानंतर मात्र त्याने मन जिंकले. पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचे सागवान माझ्याकडे होते. त्यावर नसेच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, दिशेने रंधा सरकवला, तेव्हा अखंड, गुंडाळी होणारी साल निघाली आणि खालचे लाकूड काचेसारखे लागले. नसेच्या उलट गेल्यावर लाकूड उचकटले, पण तो दोष माझा होता. पाते कार्बन पोलादाचे असून त्याला धार पटकन चढते. ती टिकते किती, हे सांगताना सागवानाला अन्याय करून चालणार नाही, कारण या लाकडात मुळातच सिलिका असते आणि ती कोणत्याही पात्याची धार लवकर मारते. मला तासाभराने पुन्हा दगडाकडे जावे लागले. एका दडलेल्या खिळ्याने पात्याला बारीक खाचही पाडली. जुने लाकूड वापरणाऱ्यांनी आधी लोहचुंबक फिरवून घ्यावे.

संगणकाच्या कॅबिनेटसाठी एक बुटकी घडवंची करावी, असा माझा बेत होता. सांध्यासाठी काढलेल्या चारपैकी दोन कुसे खाचेत नीट बसली, दोन सैल झाली. त्याचा दोष रंध्याकडे जात नाही.

दुपारी वीज आल्यावर संगणक उघडला. तो २०१४ चा आहे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कापूस घरातच साठवलेला असल्यामुळे प्रोसेसरवरच्या पंख्यात सरकीशिवायची गादीच तयार झाली होती. ती काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नव्याने लावली. प्रत्येक वेळी तारीख मागे जात होती आणि त्यामुळे संकेतस्थळे सुरक्षा-प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नव्हती. हा दोष मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नवा सेल बसवून दूर केला.

एसएसडीबाबत तक्रार करण्यासारखे फार थोडे आहे. पूर्वीच्या हार्ड डिस्कवर संगणक सुरू व्हायला चार मिनिटे लागत, आता तीस सेकंद लागतात. फिरणारी तबकडी आणि तिच्यावर जागा शोधत हिंडणारे टोक हे दोन्हीही यात नसल्याने असे होणे साहजिकच आहे. या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. खोक्यात साटाची केबल, स्क्रू किंवा अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसवण्याची पट्टी, यांपैकी काहीच नव्हते. केबल जुनीच वापरली, आणि पट्टीसाठी सकाळच्याच सागवानाचा तुकडा रंधून, दोन भोके पाडून आत बसवला. दिवसभरातील माझे सर्वांत निर्दोष सुतारकाम हेच म्हणावे लागेल.

तरीही एक सावधगिरी सांगतो. आमच्याकडे वीज सांगून जात नाही, आणि स्वस्त एसएसडीत अचानक वीज गेल्यास लिहिली जात असलेली माहिती वाचवण्याची विशेष सोय नसते. त्यामुळे यूपीएसशिवाय ती वापरू नये. शिवाय रंध्यात काही बिघडले तर काच, कागद आणि वाढईकाका घराजवळ आहेत. एसएसडी बंद पडली तर तीन वर्षांची हमी असली तरी तिचे सेवा केंद्र दीडशे किलोमीटरवर नागपूरला आहे, आणि आतील फोटो परत मिळण्याची आशा तेथेही नाही. फोटोंची एक प्रत मी जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे.

पेचकसांचा संच घेऊ नये. शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा तिसराच स्क्रू काढताना त्याचे टोक गोल झाले, आणि स्क्रूचे डोके त्याआधीच. दुकानदाराने तो परत घेतला नाही. आता त्याच्या मुठीचा उपयोग मी घडवंचीच्या सैल कुसांत पाचर ठोकण्यासाठी करतो.