चहाच्या कपाबरोबर विज्ञान : ‘चाय अँड व्हाय?’

इंग्लंडमधील लीड्स शहरात १९९८ साली डंकन डॅलस यांनी कॅफेमध्ये विज्ञानगप्पांची जी प्रथा सुरू केली, तिचे मुंबईतील उत्तम रूप म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, २००९ पासूनचा ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम होय. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी भरणाऱ्या या बैठकीला प्रवेश विनामूल्य असतो. मला सर्वाधिक भावते ती प्रश्नांना मिळणारी मोकळीक. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेले फूल काचेसारखे फुटते, तेव्हा पुढच्या रांगेतील शाळकरी मूल ‘असे का?’ म्हणून थेट शास्त्रज्ञाला विचारते आणि पाकळ्यांतील पाणी गोठल्याने त्यांची लवचीकता जाते, हे उत्तर त्याला समजेल अशा सोप्या भाषेत मिळते. शास्त्रज्ञाशी असा समोरासमोर संवाद घडणे आपल्याकडे दुर्मीळच, आणि तेच या उपक्रमाचे खरे बळ आहे. मराठीतून होणारी सत्रे मात्र वाढावीत, अशी मनापासून इच्छा आहे. पालकांनी मुलांना अवश्य न्यावे. स्वतःचे प्रश्नही विचारावेत.