पीच बॉइजची बारा इंची तबकडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

न्यूयॉर्कमधील पीच बॉइज या गटाची ‘डोन्ट मेक मी वेट’ ही १९८२ साली वेस्ट एंड रेकॉर्ड्सने काढलेली बारा इंची तबकडी मी आठ महिन्यांपूर्वी परदेशातील एका विक्रेत्याकडून मागवली. पाकिटाचा कोपरा वाटेत दुमडला होता आणि पहिल्या दिवशी खरखर इतकी होती की मन खट्टू झाले. दोनदा धुतल्यावर मात्र खाचांतील मळ निघाला आणि त्यानंतर या तबकडीने मला एकदाही निराश केलेले नाही.

गाणे उघडते ते टाळ्यांनी. टाळीचा प्रतिध्वनी लांबत जातो, मग सिंथेसायझरचा जाड खर्ज खालून शिरतो, आणि या दोहोंच्या मध्ये बरीचशी जागा मोकळीच राहते. पूर्वी फोनवर ऐकताना हा खर्ज कानावर आलाच नव्हता, त्यामुळे गाणे पोकळ वाटले होते. आता स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला की तोच खर्ज हाताला जाणवतो.

ही तबकडी मुळात मोठ्या आवाजासाठीच घडलेली आहे. गटाचा सूत्रधार लॅरी लेव्हन हा मॅनहॅटनमधील किंग स्ट्रीटवरच्या पॅराडाइज गॅरेज या क्लबचा डीजे होता. पूर्वीच्या गाडीतळात उभ्या राहिलेल्या या क्लबमध्ये मद्य विकले जात नसे. तेथे येणारे, ज्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने असत, केवळ नाचण्यासाठी येत आणि रिचर्ड लाँग यांनी उभारलेल्या ध्वनियंत्रणेवर पहाट उलटेपर्यंत नाचत. १९७९ नंतर अमेरिकेत डिस्कोविरुद्ध लाट उसळली, मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि व्हायोलिनच्या ताफ्यांऐवजी सिंथेसायझर व ड्रम मशीन आले. लेव्हन आणि कीबोर्डवादक मायकेल डी बेनेडिक्टस यांनी त्या काटकसरीला जमैकन डबमधील, म्हणजे गायन बाजूला सारून ताल आणि खर्ज पुढे आणणाऱ्या संगीतप्रकारातील, प्रतिध्वनीची जोड दिली. मागच्या बाजूचे डब रूप मी आता मूळ गाण्यापेक्षाही अधिक वेळा लावतो.

बर्नार्ड फाउलर यांचा आवाज ही दुसरी जमेची बाजू. साथ विरळ होते तेथे तो आवाज एकट्याने गाणे पेलतो, आणि हेच फाउलर पुढे १९८९ पासून रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत सहगायक म्हणून उभे राहिले, याचे मला आता नवल वाटत नाही.

गटाची दीर्घ तबकडी ‘लाइफ इज समथिंग स्पेशल’ १९८३ साली आयलंड रेकॉर्ड्सतर्फे आली. तीही मी ऐकली. ‘ऑन अ जर्नी’ चांगले आहे, पण एकूण संग्रहात ती मोकळी जागा वारंवार भरून टाकलेली जाणवते. त्यानंतर गटाचे दुसरे दीर्घ काम झाले नाही. गॅरेज १९८७ मध्ये बंद झाले आणि लेव्हन १९९२ साली, अवघ्या ३८ व्या वर्षी वारला.

या आठ महिन्यांत सुई एकदा बदलावी लागली. नव्या सुईने सर्वांत आधी हीच तबकडी लावली. सुरुवातीच्या टाळ्या पूर्वीपेक्षा स्वच्छ आल्या.